पॉप-अप कॅफे उभारताना: आधी वायर, मग रंग

कडीकोयंडा | शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. गेल्या महिन्यात इथल्याच तिघींनी विचारलं, "आमचा घरगुती खाण्याचा ब्रँड आहे, मॉलमध्ये दहा दिवस छोटा कॅफे लावायचाय, करून द्याल का आणि खर्च किती येईल?" प्रत्येकीला तेच तेच वेगळं सांगण्यापेक्षा इथे एकत्र लिहिते. अनुभवी मंडळींनी भर घालावी.

माझं काम हेच. राहते पाचपाखाडीला, वर्कशॉप वागळे इस्टेटला. शिकले इंटिरियर, पण घरं फारशी केली नाहीत. खाण्याच्या ब्रँडसाठी चार दिवसांपासून दोन महिन्यांपर्यंत टिकतील असे तात्पुरते, म्हणजे पॉप-अप, काउंटर, कियॉस्क, चार टेबलांचे कॅफे मी बांधते, जागेवर उभे करते आणि मोडून परत आणते. हे मोडून परत आणणं म्हणजे निम्मं काम, पण पहिल्या भेटीत त्याचा विषयसुद्धा निघत नाही.

पहिल्या भेटीत फोनवरचे फोटो निघतात. गुलाबी भिंत, निऑनमध्ये लिहिलेलं एखादं वाक्य, वरून सोडलेली कागदी फुलं. फोटो छानच असतात. मी फोन जरा बाजूला ठेवायला सांगते आणि विचारते, तिथे तुम्ही नक्की करणार काय? तळणार, उकडणार, की घरून आणून नुसतं गरम करणार? भांडी कुठे घासणार? घासलेलं पाणी कुठे जाणार? ओल्या कचऱ्याची बादली कोण आणि किती वाजता उचलणार? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मा कॅफे कागदावर आपोआप उतरतो. भिंतीचा रंग त्यानंतर.

हे मी एका रविवारी शिकले. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, नवी मुंबईतला एक मॉल, मिसळीचा पॉप-अप. नावं लिहीत नाही, कारण चूक माझीच होती. जुन्या वाड्याची ओसरी केली होती. खऱ्या सागवानी कमानी, पितळी समया, काउंटरला शेणाने सारवल्यासारखा पोत. लोक फोटो काढायला थांबत होते. संध्याकाळी सातला, रांग पार सरकत्या जिन्यापर्यंत गेलेली असताना, सगळं एकदम बंद पडलं. दोन इंडक्शन प्रत्येकी २००० वॅटचे, बेन-मारी (गरम पाण्यावर पदार्थ गरम ठेवणारं यंत्र) १२०० चं, डीप फ्रीझर ३००, दिवे ३००. एकूण ५८०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास २५ अँपियर. आम्हाला मिळालेली लाइन होती १६ अँपियरची. दोन दिवस चाललं, कारण गर्दी नव्हती आणि दोन्ही इंडक्शन एकदम पूर्ण जोरात लागत नव्हते. रविवारी लागले.

मॉलचा इलेक्ट्रिशियन येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. काउंटरमागची मुलगी रश्श्याच्या पातेल्यात डाव फिरवत उभी होती, वर तर्री थिजायला लागली होती, आणि समोर पैसे भरलेली माणसं. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक यंत्राच्या मागच्या पट्टीवरचे वॅट मी स्वतः वाचते. कोणी तोंडी सांगितलेला आकडा घेत नाही.

ढोबळ हिशेब असा: घरातल्या छोट्या प्लगवर, म्हणजे ६ अँपियरवर, जेमतेम १३०० वॅट चालतात. मोठ्यावर, १६ अँपियरवर, ३६०० च्या आसपास. दोन ग्रुपचं, म्हणजे दोन तोंडांतून कॉफी काढणारं, एस्प्रेसो मशीन एकटंच ३ ते ४.५ किलोवॅट ओढतं. म्हणजे कॉफीचा पॉप-अप करायचा तर जागेचं भाडं विचारण्याआधी लाइन किती अँपियरची मिळेल हे विचारायचं. मैदानावर जनरेटर घेत असाल तर त्यावरचा आकडा केव्हीएमध्ये असतो. १५ केव्हीए म्हणजे वापरायला साधारण १२ किलोवॅट. आणि तेवढाही पूर्ण भरायचा नसतो, मशीन सुरू होतानाचा झटका वेगळा.

दुसरी गोष्ट टेम्पोची. छोटा हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाचाला थोडा कमी रुंद. प्लायची शीट आठ बाय चार. म्हणून माझ्याकडचा कुठलाही भाग सात फुटांपेक्षा लांब नसतो. मॉलची सर्व्हिस लिफ्ट तर त्याहून लहान निघू शकते. मी टेप घेऊन आधी लिफ्ट मोजते, मग अट्रियम, म्हणजे मॉलमधला मोकळा चौक. मॉलमध्ये काम रात्री दुकानं बंद झाल्यावर सुरू होतं आणि सकाळी सफाईवाले यायच्या आत संपवावं लागतं. हातात पाच-सहा तास. त्या वेळात करवत चालवायला, रंग मारायला परवानगी मिळत नाही. जे काही आहे ते वर्कशॉपमध्ये एकदा पूर्ण उभं करून, भागांवर नंबर घालून, मोडून न्यायचं. तिथे फक्त जोडायचं.

हात दुखायला लागला. बाकीचं प्रतिसादांत लिहिते.


सुकामेवा | शनिवार, रात्री ११.०५

वाचनखूण साठवली. ताई, लिहीत राहा.


नाचणीसत्त्व | रविवार, सकाळी ७.१५

ताई, त्या तिघींतली एक मीच. नेरूळला राहते, नाचणीचे लाडू, आंबील आणि कोकम सरबत असा माझा पसारा आहे. सोबत शेजारच्या दोघी जणी. आत्तापर्यंत सोसायट्यांच्या मेळाव्यांत टेबल टाकून विकलं. आता वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात चार दिवसांच्या प्रदर्शनात तीन बाय तीन मीटरचा स्टॉल मिळतोय. आयोजक पांढऱ्या पॅनेलच्या भिंती, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे आणि एक प्लग देणार. त्यातच भागवू की स्वतःचं काही बांधू? बजेट फार नाही, खरं सांगते. आणि परवान्याचं कसं?


कडीकोयंडा | रविवार, सकाळी ९.३०

@नाचणीसत्त्व, बजेट आधी सांगितलंत ते बरं झालं. ते कळलं की कामाची दिशा ठरते.

परवान्याचं आधी. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी तुमच्याकडे असेलच. नसेल तर त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर होते. छोट्या व्यावसायिकांच्या व्याख्येत तात्पुरता स्टॉल लावणाराही येतो, म्हणजे चारच दिवस आहेत म्हणून सूट, असं समजू नका. १४ आकडी क्रमांक स्टॉलवर दिसेल असा लावा आणि बिलावरही हवा. बिलावर तो असणं जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे.

आता बांधणी. भिंती आयोजकांच्याच ठेवा. पैसा समोरच्या काउंटरवर आणि डोक्यावरच्या पाटीवर घाला. तीन मीटर तोंड आहे म्हणून तीन मीटर लांब काउंटर आडवा टाकायची घाई नको. डाव्या हाताला चव देण्याची जागा, उजव्या हाताला पैसे घेण्याची, आणि मधे एक माणूस आडवं न होता जाईल एवढी फट. चव आणि पैसे एकाच ठिकाणी ठेवले की चव बघणारी मंडळी पैसे द्यायला आलेल्यांना अडवतात.

आंबील तिथे शिजवू नका. घरून गरम करून नळाच्या स्टीलच्या इन्सुलेटेड पिंपात न्या. एका पेल्याला ४० सेकंद लागले तर तासाला ९० पेले जातात. तिथेच भांडं गरम करून, ढवळून, ओतून ७५ सेकंद लागले तर ४८. गर्दीचे तास दिवसात दोनच असतात, त्यात हा फरक फार मोठा. आणि इंडक्शन नको म्हटलं की आयोजकांचा एक प्लगही पुरतो, जादा लाइनचे पैसे वाचतात. कोकमाला छोटा फ्रीज लागेल तो त्यावर चालेल. थंड म्हणजे ५ अंशांच्या खाली, बर्फाच्या टोपात ठेवून भागणार नाही.

माझ्याकडे एक जुना काउंटर पडून आहे, चार फुटी, सुटे भाग होणारा. तो भाड्याने घ्या. नुसतं वरचं व्हिनाइल, म्हणजे छापील चिकटपत्र, बदलू.


लोखंडपट्टी | रविवार, दुपारी १२.२०

रबाळे एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. असली कामं वर्षाला बरीच येतात. ताईंनी टेम्पोचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं. माझी थोडी भर.

प्लाय घेताना १८ मिलिमीटरची पूर्ण शीट तीस किलोच्या पुढे जाते हे लक्षात ठेवा. काउंटर पूर्ण प्लायचा केला की चार माणसांशिवाय हलत नाही. मी एक इंची चौकोनी पाइपाची फ्रेम करतो आणि अंगाला पातळ प्लाय किंवा पीव्हीसी बोर्ड लावतो. दोन माणसं सहज उचलतात. जोडाला स्क्रू नको, तीनदा उघडला की प्लायमधलं भोक सैल होतं. पाइपात नट वेल्ड करून बोल्ट घाला, हाताने फिरवता येईल असा. रात्री दोन वाजता कोणाकडे पाना सापडत नाही.

पाणी लागणार तिथे साधा एमआर प्लाय वापरू नका. तो, म्हणजे आयएस ३०३ या भारतीय मानकाचा, ओलावा सोसतो, पाणी सोसत नाही. सिंकखाली आणि कॉफी मशीनखाली आयएस ७१० चा मरीन. आणि कडा! वरून महागातला सनमाइका लावतात आणि खालची कड उघडी सोडतात. फरशी पुसणारा रोज ओला पोछा तिथेच मारतो. आठव्या दिवशी कड फुगून उकललेली. मी खाली अर्धा इंच उंचीचे बुश, म्हणजे टेकू, लावतो, लाकूड फरशीला टेकतच नाही.

रंग लोखंडाला पावडर कोटिंगच करा. ऑइल पेंटचा वास चार दिवस जात नाही आणि खाण्याच्या स्टॉलवर तो चालणारच नाही.


तलावपाळीकर | रविवार, संध्याकाळी ६.५०

माहितीपूर्ण धागा. पण मनातलं एक विचारतो, राग मानू नये. मी सत्तरीचा माणूस, जन्म ठाण्यातला. मामलेदार कचेरीशेजारी मिसळ खायला आम्ही शाळेपासून जायचो. तिथे कोणी कमानी उभारल्या नव्हत्या. चव होती, लोक आले. आज दहा दिवसांसाठी एवढं लाकूड, एवढं लोखंड, एवढे दिवे, आणि अकराव्या दिवशी सगळं कुठे जातं? आमच्या इमारतीमागे एका प्रदर्शनाचा माल टाकून गेले होते, थर्माकोलचे खांब, फाटलेलं फ्लेक्स. पावसात सगळं नाल्यात. हे कशासाठी करायचं?


कडीकोयंडा | रविवार, रात्री ९.१५

काका, राग कसला. हा प्रश्न मलाही पडतो आणि तो मी बाजूला ठेवत नाही.

आधी थर्माकोलचं. महाराष्ट्रात २०१८ मध्येच त्यावर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून देशभरात सजावटीच्या थर्माकोलवर, प्लॅस्टिकच्या चमचे-स्ट्रॉवर, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवरही बंदी आहे. तरी लोक मागतात, कारण खांब स्वस्तात होतो. मी देत नाही, काम गेलं तरी चालेल. कापडावर छापते. कापड धुऊन परत लागतं, नाहीतर त्याच्या पिशव्या होतात.

मिसळीच्या हॉटेलाचं तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. पण ते हॉटेल वर्षानुवर्षं एका जागी आहे, माणूस आज नाही तर उद्या जाईल. नेरूळच्या ताईंकडे चार दिवस आहेत आणि समोरून जाणाऱ्या माणसाने त्यांचं नावही ऐकलेलं नाही. तीन सेकंदांत त्याला कळायला हवं की इथे नाचणीची आंबील मिळते आणि ती आत्ता गरम आहे. तेवढंच काम सजावटीने करायचं. त्याहून जास्त केली की ती ब्रँडच्या मालकाच्या हौसेसाठी होते.

आणि काका, तुम्हाला एक सांगते. मी शिकले ते हातगाडीकडून. राम मारुती रोडच्या कोपऱ्यावर भेळवाल्याजवळ तासभर उभी राहून मी त्याच्या गाडीचं चित्र काढलं होतं. उभ्या जागेवरून एक पाऊलही न हलता त्याचा हात सोळा डब्यांपर्यंत पोचतो. रोज लागणारी चटणी उजव्या हाताशी, कधीतरी लागणारी कैरी लांब. कांदा कापायची फळी पोटाशी, तिच्या खालीच सालांची बादली. पैशांचा डबा डाव्या हाताला, म्हणजे ज्या हाताने पैसे घेतो त्याने भेळ कालवत नाही. वर दिव्याची दांडी अशी वळवलेली की उजेड भेळेवर पडतो, गिऱ्हाइकाच्या डोळ्यात जात नाही. रात्री सगळं आत सरकवून ताडपत्री बांधली की दोन मिनिटांत गाडी चालती. मी आजवर आखलेल्या एकाही काउंटरला हे सगळं एकत्र साधलेलं नाही. साधायचा प्रयत्न चालू आहे.


फेरफटका | रविवार, रात्री १०.३०

हातगाडीचं वर्णन अफाट आवडलं.

बाहेर हा प्रकार किती टोकाला गेला त्याचं एक उदाहरण. २०१७ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये चीटोज या कुरकुरीत स्नॅक्सवाल्यांनी तीनच दिवसांचं रेस्टॉरंट काढलं होतं, सगळे पदार्थ त्यांचेच स्नॅक्स वापरून. हे झालं जाहिरातीसाठी. दुसरीकडे, कोपनहेगनच्या नोमा या रेस्टॉरंटने २०१५ च्या सुरुवातीला आपला सगळा कर्मचारीवर्ग उचलून टोकियोत नेला आणि तिथल्या जिन्नसांवर नव्याने मेनू रचला. आणि मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हेलसिंकीचं. तिथे २०११ मध्ये एक दिवस ठरवला गेला, त्या दिवशी कोणीही आपल्या घरात, अंगणात, बागेत रेस्टॉरंट काढायचं. लोकांनी खिडकीतून टोपली सोडून सुद्धा खाणं विकलं.

आपल्याकडे गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेला ठाण्यात लोक घरासमोर टेबल टाकून पन्हं देतात, त्याची आठवण होते.

कंटेनरमध्ये कॅफे करण्याबद्दल कोणी सांगेल का? लंडनला बॉक्सपार्क पाहिलं होतं, सगळी दुकानं कंटेनरमध्ये. आपल्याकडे तर न्हावाशेवा बंदर शेजारी आहे.


लोखंडपट्टी | सोमवार, सकाळी ८.४०

@फेरफटका, उरण-पनवेल पट्ट्यात जुने कंटेनर मिळतात, केले आहेत आम्ही. पण चार दिवसांच्या कामाला घेऊ नका. वीस फुटी रिकामा कंटेनरच दोन टनांच्या वर जातो. क्रेन लागते, ट्रेलर लागतो, आणि क्रेन उभी राहील एवढी जागा लागते. आत रुंदी साडेसात फुटांच्या आसपास, त्यात काउंटर आणि फ्रीज लावला की दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी. एप्रिल-मेच्या दुपारी आतला पत्रा हात लावू देत नाही. इन्सुलेशन, अस्तर आणि एसी केल्याशिवाय आत माणूस उभा करणं बरोबर नाही. सहा महिने एका जागी ठेवणार असाल तर जरूर करा.


दुधावरची_साय | सोमवार, रात्री ११.५०

मी इथे नेहमी फक्त वाचते. आज लिहिते, कारण मी काउंटरमागची मुलगी आहे.

चार वर्षं झाली. ठाण्यात, वाशीत, सीवूड्सला, वेगवेगळ्या ब्रँडच्या पॉप-अपवर काम केलंय. ताईंनी त्या मुलीबद्दल लिहिलं म्हणून धीर आला.

आम्ही सकाळी दहाला उभ्या राहतो ते रात्री दहापर्यंत. काउंटर समोरून फार सुंदर असतो. मागून प्लायचे उघडे तुकडे, बाहेर आलेले स्क्रू, लोंबणाऱ्या वायरी. माझ्या ओढण्या फाटल्यात त्यात. बसायला काही नसतं, कारण स्टूल ठेवलं तर दिसायला वाईट दिसतं असं म्हणतात. पाण्याची बाटली ठेवायला जागा नसते, ती फरशीवर, पायाशी. डबा आणि पर्स कार्डबोर्डच्या खोक्यात, कपांच्या खाली. जेवायला पंधरा मिनिटं मिळतात आणि डबा काढायला आधी दोनशे कप हलवायचे.

काउंटरची उंची हा तर रोजचा त्रास. गिऱ्हाइकाच्या बाजूने उंच छान दिसतो म्हणून ४२ इंच करतात आणि मागेही तेवढाच. मी पाच फुटांची. तेवढ्या उंचीवर दिवसभर दूध फेसायचं, मनगट वर करून. तिसऱ्या दिवशी खांदा भरून येतो. एका ठिकाणी आम्ही दोघींनी रिकाम्या दुधाच्या क्रेटवर उभं राहून काम केलं. माझी मैत्रीण त्यावरून पडली. फार लागलं नाही, पण गरम दुधाचं भांडं हातात होतं.

दिवे पण. फोटोसाठी लावलेले फोकस आमच्या चेहऱ्यावर येतात. रात्री घरी गेलं की डोळे मिटले तरी पांढरं दिसतं.

हे मी कोणाला सांगणार? काम सुरू होईपर्यंत डिझाइन करणारी मंडळी गेलेली असतात. उद्घाटनाला येतात, फोटो काढतात. आम्ही पहिल्यांदा काउंटर बघतो तो उद्घाटनाच्या दिवशी सकाळी.


कडीकोयंडा | मंगळवार, सकाळी ६.३०

@दुधावरची_साय, रात्री दोनदा वाचलं. झोप लागली नाही. उठून आधी वर्कशॉपच्या नोंदवह्या काढून बसले.

मागची बाजू कामाच्या उंचीची, ३४ ते ३६ इंच, आणि पुढची पाटी वेगळी उंच, हे मी करते. त्यामुळे मला वाटायचं की माझं बरोबर आहे. पण गेल्या दोन वर्षांतल्या माझ्या चित्रांमध्ये बसायची जागा मला फक्त एका ठिकाणी सापडली. डब्यासाठी कप्पा एकाही ठिकाणी नाही. एकाही नाही. कपांना जागा आहे, झाकणांना आहे, माहितीपत्रकांना आहे, आणि बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या डब्याला नाही. मी गिऱ्हाइकाच्या बाजूने उभी राहून चित्र काढते, आणि इतकी वर्षं भेळवाल्याची गाडी वाखाणते. तो स्वतःची गाडी स्वतः बांधून घेतो, म्हणून ती तशी असते, हे मला कधी दिसलंच नाही.

नेरूळच्या ताईंच्या स्टॉलसाठी जो काउंटर काढलाय तो शनिवारी वर्कशॉपमध्ये उभा करणार आहे. तू येशील का? मागे उभी राहून दहा पेले ओत आणि काय टोचतंय ते सांग. तुझ्या वेळेचे पैसे देईन, जसे सुताराच्या आणि इलेक्ट्रिशियनच्या वेळेचे देते. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.


ठिणगी | मंगळवार, दुपारी ३.१०

सुरक्षेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. इव्हेंटमध्ये आगप्रतिबंधक व्यवस्था बघतो.

तळणी असेल तर आग विझवायचं नुसतं एबीसी पावडरचं सिलिंडर पुरत नाही, तेलाच्या आगीसाठी के क्लासचं लागतं. पेटलेल्या तेलावर पाणी कधीच नाही, कढईवर झाकण टाका आणि वीज किंवा गॅस बंद करा. मॉलच्या आत गॅस सिलिंडर सहसा चालवून घेत नाहीत. मैदानावर गॅस वापरणार असाल तर १९ किलोचा व्यावसायिकच. घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर स्टॉलवर आणणं बेकायदा आहे. व्यावसायिक सिलिंडर उभा ठेवा, कापडाच्या सजावटीमागे लपवू नका. दिसला तर वाईट दिसतो म्हणून लपवलेले सिलिंडर मी प्रत्येक मेळाव्यात शोधून काढतो. आणि एक्स्टेंशन बोर्डाला एक्स्टेंशन बोर्ड जोडू नका, हात जोडून सांगतो.


सुकामेवा | मंगळवार, संध्याकाळी ७.००

@दुधावरची_साय, शनिवारी गेलीस तर इथे जरूर लिही.


दुधावरची_साय | रविवार, सकाळी ११.२०

गेले होते. वागळे इस्टेटचा बसस्टॉप चुकले, ताई स्वतः घ्यायला आल्या.

काउंटर उभा होता. मी दहा नाही, चाळीस पेले ओतले, नुसत्या पाण्याचे. पिंपाचा नळ माझ्या कोपराच्या वर येत होता, तो चार इंच खाली आणला. पैशांच्या बाजूला उजेड कमी होता, नोट नीट बघता येईना. दिव्याची पट्टी पुढून काढून वरच्या फळीच्या आतल्या कडेला लावली, आता उजेड हातावर पडतो. मागच्या सगळ्या कडांना सुतारकाकांनी पट्टी मारली आणि मला हात फिरवून बघायला सांगितलं. पायाखाली रबराची चटई टाकणार आहेत. घडीचं स्टूल मागच्या पॅनेलला अडकवायची कडी लावली, बाहेरून दिसत नाही.

डब्याचा कप्पा डाव्या हाताला, गुडघ्याच्या थोडा वर. तीन डबे, तीन पर्स, तीन बाटल्या. त्याला दार आहे आणि दाराला कुलूप.


नाचणीसत्त्व | बुधवार, रात्री १०.१५

प्रदर्शन काल संपलं. आधी आभार, सगळ्यांचे.

पहिल्या दिवशी सकाळीच एक घोळ झाला. शेजारच्या स्टॉलची रांग आमच्या चवीच्या जागेसमोर आली, आमच्याकडे कोणी पोचेना. ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, काउंटर दोन भागांत आहे, बोल्ट काढा आणि बाजू उलट करा. आम्ही तिघींनी मिळून दहा मिनिटांत चव उजवीकडे आणि पैसे डावीकडे केले. लोखंडपट्टी दादा, तुमचा हाताने फिरणारा बोल्ट ताईंनी लावला होता. पाना लागला नाही.

लाइन एकदाही गेली नाही. आंबील दुपारी एक ते तीन आणि संध्याकाळी सहा ते आठ सर्वांत जास्त गेली. कोकम सरबत मी जास्त नेलं होतं, ते उरलं. लाडू तिसऱ्या दिवशीच संपले, रात्री जागून परत वळले. पाटीवर मी आधी ब्रँडचं नाव मोठं लिहिणार होते. ताईंच्या सांगण्यावरून "गरम आंबील" हे दोनच शब्द मोठे केले आणि नाव खाली. लोक लांबूनच वाचून यायचे आणि विचारायचे, खरंच गरम आहे ना?

माझ्यासोबतच्या दोघींपैकी एकीला गुडघ्याचा त्रास आहे. ती दर तासाला दहा मिनिटं स्टुलावर बसत होती. चौथ्या दिवशीही ती आली होती, हे मला सांगायचंय. मागच्या मेळाव्यात ती दुसऱ्या दिवसानंतर आली नव्हती.


तलावपाळीकर | गुरुवार, सकाळी ८.००

नाचणीसत्त्व ताई, मी सोमवारी येऊन गेलो. नाव सांगितलं नाही. आंबील उत्तम, मीठ अगदी बेताचं. काउंटरच्या मागे डोकावून कप्पाही बघितला.

कडीकोयंडा, एक विचारायचं होतं. पाडव्याला स्वागतयात्रेच्या वेळी आमचं ज्येष्ठ नागरिक मंडळ जांभळी नाक्याजवळ पन्हं वाटतं. दरवर्षी कॅटररकडून टेबलं येतात, ती ठेंगणी पडतात आणि आमच्या बायकांना वाकून वाकून पेले भरावे लागतात. तो काउंटर त्या दिवशी मिळेल का? भाडं मंडळ देईल.


कडीकोयंडा | गुरुवार, सकाळी ८.२५

काका, मिळेल. भाडं नको, टेम्पोचे तेवढे द्या. पेले भरणाऱ्या सगळ्यांत बुटक्या काकूंच्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजून कळवा, पाय त्या मापाचे करून देते. आणि यात्रेमुळे रस्ते बंद होतात, म्हणून टेम्पो पहाटे साडेचारला पाठवते. उतरवून घ्यायला दोन तरुण मुलं हवीत, बाकी जोडणी मी येऊन करेन.

व्हिनाइलवर आत्ता "गरम आंबील" आहे. ते काढून "थंड पन्हं" करायचं, की आणखी काही लिहायचंय?


तलावपाळीकर | गुरुवार, सकाळी ८.४०

"थंड पन्हं" पुरे. काकूंचं माप संध्याकाळी घेतो.